पटावर आहे, गावात नाही

आढावा बैठकीत आकडा असा का आला हे विचारतात, ते खुलासा मागायला. खरं कारण सांगायला तिथे वेळ नसतो. मी दिंडोरी तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून मुख्यसेविका. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गावांत, दिवाळीनंतर तीव्र कुपोषित मुलांचा आकडा चढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपोआप उतरतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आले. बैठकीत नाव पुकारलं की उभं राहायचं, "तुमच्या बीटला झालंय काय मॅडम?" हे ऐकायचं, "लक्ष घालते सर" म्हणून खाली बसायचं. ती मुलं बहुतेक माझ्या गावांतली नव्हतीच. सुरगाणा, पेठकडून द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या टोळ्यांबरोबर ती यायची. हे मला ठाऊक होतं, सेविकांना ठाऊक होतं, बागाईतदारांनाही ठाऊक होतं. पण कारण माझ्या तालुक्यात नव्हतं, आणि ज्या तालुक्यात होतं तिथल्या बैठकीला मला कोण बोलावणार?

या प्रश्नाला तोंड फुटलं ते नाशिकच्या आमच्या चर्चागटात. त्याचा अनुभव लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं.

गटाला नाव नाही, नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत. एका निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्यांनी तो सुरू केला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी रोजगार हमीच्या कामात काढली. गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही बसतो, महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तीनला. वेळ ठरवायलाही चर्चाच करावी लागली. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे महसूलची मंडळी शनिवारी मोकळी असतात. गुरुजींची शाळा शनिवारी सकाळची. आमच्या अंगणवाड्या शनिवारीही चालू. सुरगाण्याहून येणाऱ्याला एसटीनं पोचायचं, परतीची गाडीही गाठायची. या सगळ्यांत तीन वाजताची वेळ बसली. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, आरोग्यसेविका, पुरवठा निरीक्षक, एक नायब तहसीलदार, महापालिकेचे एक स्वच्छता निरीक्षक, पाणीपुरवठ्याचे एक तरुण अभियंता, आणि आम्ही दोघीतिघी बालविकासच्या. कधी दहा जण जमतात, कधी पंचवीस.

पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती: हे चालतं का? शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि आम्हा जिल्हा परिषदवाल्यांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम. अण्णांनी दोन्हींच्या प्रती आणल्या होत्या आणि त्यांतली कलमं मोठ्यानं वाचून घेतली. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, आतली कागदपत्रं बाहेर द्यायची नाहीत, वर्तमानपत्रांत जायचं नाही. हे सगळं पाळूनही आपल्या कामातली अडचण समजून घेता येते, तिच्यावर उपाय सुचवता येतो, आणि तो योग्य मार्गानं वरिष्ठांकडे पाठवता येतो. मग आम्ही आमचे नियम ठरवले. पक्ष, मंत्री, निवडणूक हे विषय नाहीत. चालू प्रकरणावर किंवा चौकशीवर बोलायचं नाही. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण नाही, व्हॉट्सॲपवर इतिवृत्त नाही. तरुण अभियंत्यानं लंडनच्या चॅटम हाऊस संस्थेचा १९२७ पासूनचा नियम सांगितला: इथे ऐकलेली माहिती वापरायला हरकत नाही, पण ती कुणी सांगितली हे बाहेर सांगायचं नाही. तोही घेतला. मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाही, ते त्याच नियमानं.

आणखी एक नियम अण्णांचा, आणि माझ्या मते गट टिकला तो त्याच्यामुळे. सगळ्यांत खालच्या पदावरच्या माणसानं आधी बोलायचं. साहेब शेवटी. ज्यानं आयुष्यात शासकीय बैठका पाहिल्या आहेत त्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. साहेब आधी बोलले की बाकीच्यांना होकार भरण्यापलीकडे काही उरत नाही.

सुरुवातीच्या बैठका मात्र गाऱ्हाण्यांतच गेल्या. रिक्त पदं, एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे, रेंज नसलेल्या गावात ॲपवर फोटो चढवायची सक्ती, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. खोटं त्यात काही नव्हतं, पण त्यातून पुढे काही निघेना. अण्णांनी ते सगळं बोलू दिलं. नंतर म्हणाले, "आता पुढच्या वेळी गाऱ्हाणं आणू नका, एक घर आणा." म्हणजे आपल्या कामातलं एक खरं कुटुंब घ्यायचं, त्याचं नाव-गाव झाकायचं, आणि शासनाच्या प्रत्येक खात्याशी त्याचा कुठे कसा संबंध येतो ते सगळ्यांसमोर मांडायचं. जो तो आपल्या रजिस्टरमधून त्या घराबद्दल काय दिसतं ते सांगणार.

धोरण म्हटलं की ते मुंबई-दिल्लीत जन्माला येतं अशी आम्हा सगळ्यांची समजूत. त्यावर अण्णा रोजगार हमीचं उदाहरण देतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, एक प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात त्या योजनेची खरी परीक्षा झाली, १९७७ मध्ये राज्यानं कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला. एका तालुक्यातल्या कामापासून देशाच्या कायद्यापर्यंत चाळीस वर्षं. दुसरं उदाहरण अहमदनगरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांचं. १९८०च्या दशकात त्यांनी स्वतःच्या कार्यालयाची मांडणी, अभिलेख, कामाची पद्धत सगळं बदललं, आणि 'लखीना पॅटर्न' म्हणून ते राज्यभर गेलं. त्यासाठी त्यांना नवा कायदा लागला नव्हता. आमच्यापैकी कुणी पागे नाही की लखीना नाही. पण आपल्या टेबलावरून सुरुवात होऊ शकते एवढं त्या दुपारी सगळ्यांना पटलं.

एक बैठक सिंहस्थावर झाली. विषय माझा नव्हता, म्हणून थोडक्यात सांगते, पण डोक्यातून जात नाही. नायब तहसीलदार रावसाहेबांची नेमणूक २०१५च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्रामला होती. ते म्हणाले, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि बदल्यांच्या २००५च्या कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा. म्हणजे एका सिंहस्थात शिकलेला माणूस पुढच्या सिंहस्थाला त्या खुर्चीवर नसतोच. २००३ मध्ये सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर जे शिकलो ते अहवालात आहे, पण रस्त्यावर उभं राहून गर्दी वळवणाऱ्या माणसानं काय पाहिलं, ते कुठल्या अहवालात येतं? स्वच्छता निरीक्षकांनी मग २०१५ मध्ये शौचालयांच्या रांगेत पाणी कुठे तुंबलं, झाडूवाल्या बायांना रात्रपाळीत विसाव्याला जागा कशी नव्हती, हे तासभर सांगितलं. समोर बसलेली दोन तरुण मुलं, २०२७च्या तयारीत नुकतीच लागलेली, सगळं लिहून घेत होती. अशी तोंडी माहिती पुढच्यांच्या हाती द्यायची सोय कार्यालयात कुठेच नाही. अशा गटाची गरज का आहे, असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा ही बैठक सांगते.

आता माझ्या घराकडे येते.

मी मांडलेलं कुटुंब सुरगाण्याकडचं. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांचं बाळ, आणि गावी राहणारी आजी. भात आणि नागली निघाली की हे पाच जण टोळीबरोबर पिकअपमधून दिंडोरीकडे येतात. गोडी छाटणी, पेस्टिंग, फेलफूट काढणं, शेंडा खुडणी, घडांची विरळणी, डिपिंग, अशी कामं एकामागून एक लागलेली असतात. एकराच्या हिशोबानं उक्ती कामं, पैसे रोख. शिमग्याला सगळे घरी जातात, म्हणजे जातातच. मग परत येऊन खरड छाटणी आटोपतात आणि भाताच्या आवणीच्या आधी वर्षापुरते परततात. सुरगाण्यात पाऊस इतका पडतो की बाहेरच्याला खरं वाटत नाही. पण कातळावरून पाणी पश्चिमेला गुजरातकडे निघून जातं आणि जानेवारीनंतर शेतात करण्यासारखं काही उरत नाही.

मोठ्या तपकिरी कागदावर मी मधे हे घर काढलं. भोवती ज्यानं त्यानं आपल्या खात्याचा रकाना भरायचा.

गुरुजी उठले. मुलगी गावच्या शाळेच्या पटावर आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यानुसार तिला दिंडोरीतल्या शाळेत बसायचा हक्क आहे, दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे. "पण मी तिचं नाव पटावरून काढलं तर पट घसरतो," गुरुजी म्हणाले, "आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षक कमी होतो. जूनमध्ये ती परत येणारच असते. मग मी काय करावं?" म्हणून मुलगी पटावर आहे, आणि प्रत्यक्षात द्राक्षाच्या मांडवाखाली धाकट्या भावाला सांभाळते आहे.

पुरवठा निरीक्षकांचा रकाना मला सगळ्यांत शिकवून गेला. मला वाटायचं, यांचं रेशन गावीच अडकतं. तसं नाही. शिधापत्रिकेची पोर्टेबिलिटी आहे. २०१९ मध्ये आंतरराज्य सोय सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. कुठल्याही दुकानात पॉस मशिनवर अंगठा लावून धान्य उचलता येतं. माणशी पाच किलोंतलं काही गावी आजीनं उचलावं आणि काही इथे यांनी, तेही चालतं. अडतं कुठे? दुकानदाराचं नियतन, म्हणजे त्याला मिळणारा धान्याचा कोटा, त्याच्याकडच्या कार्डांवर ठरतं. हंगामात टोळ्या आल्या की त्याला भीती वाटते, आपल्या गावकऱ्यांना पुरेल ना? म्हणून तो "मशिनला रेंज नाही" म्हणून परत पाठवतो. जादा धान्य मागवता येतं, पण त्यासाठी किती माणसं येणार हे आधी कळायला हवं. निरीक्षक म्हणाले, "मला कुणी यादी दिलीच नाही कधी. द्या, मी मागणी लावतो."

आरोग्यसेविकेनं सांगितलं, बाळाचं लसीकरणाचं कार्ड गावी पेटीत असतं. इथे आई आली की "मागची लस कधी झाली?" याला उत्तर नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रोजगार हमीचा रकाना भरला: जॉबकार्ड आहे, पण कामाची मागणी, म्हणजे नमुना चार, कुणी भरूनच घेत नाही. मजुरी खात्यात कधी पडेल याची खात्री नाही, आणि बागाईतदार तर हातात रोख देतो.

राहिला माझा, अंगणवाडीचा रकाना. त्या दिवशी मी सुरगाण्याकडच्या एका सेविकेला गटात आणलं होतं. नियमाप्रमाणे आधी तीच बोलणार होती, पण घाबरून गप्प बसली होती. अण्णांनी तिला चहा दिला आणि म्हणाले, "ताई, ही बाई गाव सोडते तेव्हा तुम्हाला कळतं का?"

"कळतं की. मला सांगूनच जाते. लेकराला बघायला कुणी भेटेल का तिकडे, विचारते."

"मग तुम्ही लिहिता का कुठे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मग ती म्हणाली, "लिहिलं तर माझ्या केंद्राची मुलं कमी दिसतात. मॅडमना वरून विचारतात, मॅडम मला विचारतात. नाही लिहिलं तर कुणी काही विचारत नाही."

खोलीत कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी उठून आपल्या रकान्याखाली एक रेघ मारली आणि तिच्या रकान्यापर्यंत नेली. दोघांनी तेच सांगितलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडेही उलट्या बाजूनं तेच आहे: माझ्या सेविकेनं आलेली मुलं नोंदवली तर तिचा कुपोषणाचा आकडा चढतो, आणि आहाराची मागणी आधीच्या महिन्यांच्या पटावर गेलेली असल्यानं त्या मुलांना द्यायला तिच्याकडे काही नसतं. अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थी एका केंद्रातून दुसरीकडे स्थलांतरित दाखवायची सोय आहे. राज्याची स्थलांतर मागोवा प्रणालीही आहे. यंत्रणा आहे, सूचना आहेत. पण गेलेलं कुटुंब 'गेलं' म्हणून आणि आलेलं 'आलं' म्हणून लिहिण्यात कुणाचाच फायदा नाही, उलट प्रत्येकाचं काही ना काही जातं. शाळेचा शिक्षक जातो, सेविकेची हजेरी जाते, दुकानदाराचा साठा जातो, माझी बैठकीतली पत जाते. म्हणून पाच जणांचं हे घर सगळ्या कागदांवर आपल्या गावी सुखानं नांदतं आहे.

कुठलाही एक अधिकारी एकटा बसून हे शोधू शकला असता असं मला वाटत नाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाला तो आपल्यापुरता क्षुल्लक वाटत होता. आम्ही पगार घेतो तो लोकांसाठी काम करायला, आणि ही अशी एकत्र बसून केलेली उकल हेसुद्धा कामच आहे. ते सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चानं, वाचनालयाच्या माडीवर करावं लागतं याचं मला वाईट वाटतं. कार्यालयीन वेळेत त्याला जागा मिळायला हवी. तालुक्याच्या समन्वय समितीची बैठक महिन्याला होते. तिच्यातला एक तास जरी एका घरासाठी राखून ठेवला, तरी खूप होईल.

उपाय काय, यावर पुढच्या दोन-तीन बैठका गेल्या, आणि त्या गोड नव्हत्या. मोठी योजना सुचवायचा मोह सगळ्यांना होतो. कुणी म्हणालं ॲप करा, कुणी म्हणालं वेगळं महामंडळ. अण्णांनी दोन चाळण्या लावल्या: नवा पैसा न मागता काय होईल, आणि नवा शासन निर्णय न निघता काय होईल? त्यातून उरलं ते साधं होतं. दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघायच्या आधी, गावातच जाणाऱ्यांची यादी करायची. सेविका, गुरुजी, ग्रामसेवक आणि आशाताई यांनी एकत्र बसून एकच यादी करायची, चौघांच्या चार नकोत. त्यात टोळीच्या मुकादमाचा फोन आणि जायचं गाव. ती यादी तिकडच्या तालुक्याला पोचली की पुरवठा निरीक्षक धान्याची मागणी लावतील, मी आहाराची लावीन, आरोग्यसेविका लसीकरणाचं सत्र बागेजवळ ठेवील. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या महिन्यांत मूल बाहेर आहे त्या महिन्यांत ते मूळ गावच्या सेविकेच्या गैरहजेरीत धरू नये, आणि आलेल्या मुलांचा आकडा माझ्या बीटखाली वेगळ्या ओळीत दाखवावा. आकडा लपवायचा नाही. कुणाच्या माथी मारायचाही नाही.

सगळ्यांत जास्त वाद पाळणाघरावर झाला. आई सकाळी सातला बागेत जाते. आमची अंगणवाडी गावात, बाग तीन-चार किलोमीटरवर. बाळ मग साडीच्या झोळीत, मांडवाच्या तारेला टांगलेलं. त्याच बागेत ब्लोअरनं फवारणी चालते. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, ते हाताला लागलं तरी वाईट. आणि त्याच हातानं आई बाळाला घेते. हे बोलताना माझा आवाज चढला होता, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मी म्हटलं, त्यातून हंगामापुरतं पाळणाघर चालवता येईल. निफाडकडचे एक ग्रामसेवक भाऊसाहेब लगेच म्हणाले, "मॅडम, तो पैसा आमच्या गावच्या बायकांचा आणि पोरांचा. ग्रामसभेत मी हे मांडलं तर लोक विचारतील, पाहुण्यांवर कशाला?" त्यावर गुरुजी म्हणाले, द्राक्षं त्याच गावची आहेत ना? भाऊसाहेब चिडले नाहीत. म्हणाले, "माझं मत नाही सांगत, ग्रामसभेत काय होईल ते सांगतोय." आणि त्यांचं बरोबर होतं. आदिवासी गावांना त्यांच्यासाठीच्या पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी मिळतो, पण तो सुरगाण्याच्या गावाला. मुलं असतात निफाड-दिंडोरीत. पैसा एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात, ही गाठ आम्हाला अजून सुटलेली नाही. केंद्राच्या मिशन शक्तीत पाळणा योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघराची. ती वर्षभराच्या केंद्रासाठी आहे, हंगामी बागेसाठी कशी बसवायची हा प्रश्न आम्ही टिपणात मोकळा ठेवला.

टिपण दोन पानांचं. ते लिहायला जेवढी भांडणं झाली तेवढी चर्चेतही झाली नव्हती. 'शासनानं करावं' असं एकही वाक्य ठेवायचं नाही असं ठरलं. प्रत्येक ओळीत कोण, कधीपर्यंत, कुठल्या अधिकारात हे लिहायचं. गटाच्या नावानं पाठवायला गटाला नावच नाही, आणि पाठवायचंही नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या खात्याचा भाग आपल्या सहीनं, योग्य मार्गानं, आपापल्या वरिष्ठांकडे दिला.

एका कार्यालयातून काहीच आलं नाही. एका ठिकाणी आमच्या सहकाऱ्याला बोलावून "हे कुणाच्या परवानगीनं?" असं विचारलं. त्यानं वर्तणूक नियमांची प्रत पुढे ठेवली आणि आपल्याच कामाबद्दलची सूचना आपल्याच वरिष्ठांना दिली आहे हे सांगितलं. विषय तिथे थांबला, पण तो मुलगा पुढे बरेच दिवस गटात आला नाही. त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी नियम माहीत असणं ही एकच ढाल असते.

माझ्या वरिष्ठ मॅडमनी मात्र टिपण वाचून मला बोलावलं. म्हणाल्या, "सगळ्या तालुक्याचं नको. तुमचं बीट आणि तिकडचं एक बीट, एवढ्यात करून दाखवा." तिकडच्या पर्यवेक्षिकेला मी तोवर फक्त गटात भेटले होते. त्या दसऱ्याला तिच्या गावांच्या याद्या माझ्याकडे आल्या. वहीच्या पानावर हातानं लिहिलेल्या, फोटो काढून पाठवलेल्या. मुकादमाचं नाव, फोन, किती मुलं, कुणाची कुठली लस राहिली आहे.

त्या यादीतून सापडलेलं एक बाळ सांगते. मोहाडीच्या अलीकडे एका बागेच्या शेडमध्ये माझी सेविका आणि मी गेलो. यादीत लिहिलं होतं, 'मुलगी, ११ महिने, वजन वाढत नाही, लक्ष ठेवा'. सेविकेनं दंडाला घेर मोजायची पट्टी गुंडाळली, टोक खाचेतून ओढून घेतलं. आकडा लाल भागात, ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. एरवी अशी मुलगी आम्हाला सापडलीच तर शिमग्याच्या आसपास, जुलाबांनी खंगल्यावर. ही नोव्हेंबरात सापडली. आई तयार नव्हती, रोज बुडेल म्हणून. मग सेविकेनं तिकडच्या सेविकेला फोन लावला आणि आईच्या कानाला दिला. दोघी आपल्या बोलीत बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही. फोन ठेवून आईनं बाळाची दुपटी गोळा केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली, तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं, आणि घरी सोडल्यावर पुढचा पाठपुरावा दोन्हीकडच्या सेविकांनी वाटून घेतला.

धान्याचं काम निम्मं झालं. ज्या गावांची यादी वेळेत गेली तिथे जादा नियतन आलं आणि दुकानदारानं कुणाला परत पाठवलं नाही. जिथे टोळीनं ऐनवेळी बाग बदलली तिथे यादी निरुपयोगी ठरली. मुकादम ज्याच्याकडे चार पैसे जास्त त्याच्याकडे जातो, त्याला गावाचं नाव बांधून घेता येत नाही. म्हणून आता यादीत गावाऐवजी मुकादमाचा फोन हाच मुख्य रकाना केला आहे, आणि दर पंधरा दिवसांनी त्यालाच विचारतो. शाळेच्या बाबतीत फार हाती लागलं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुली शाळेत बसवायच्या तर धाकटी भावंडं कुठे ठेवायची, म्हणजे पुन्हा पाळणाघराशीच येऊन थांबतो. संचमान्यतेचा मुद्दा आमच्या आवाक्यातला नाही. गुरुजींनी तो त्यांच्या खात्यातून वर पाठवला आहे.

आढावा बैठकीत माझ्या बीटचा आकडा आता दोन ओळींत येतो, स्थानिक आणि स्थलांतरित. वरची ओळ उतरते आहे. खालची चढते आहे, कारण आता आम्ही शोधतो. पहिल्यांदा ती खालची ओळ वाचली गेली तेव्हा मला उभं केलं नाही. ही मुलं कुठून आली आहेत, असं विचारलं. मी गावांची नावं सांगितली.

निफाडच्या भाऊसाहेबांनी मधल्या काळात त्यांच्या ग्रामसभेत पाळणाघराचा विषय काढला. ठराव झाला नाही. पण दोन बागाईतदार म्हणाले की पॅकहाऊसच्या बाजूची खोली हंगामात देतो, बाई तुम्ही नेमा. बाईच्या मानधनाचं काय, हे अजून ठरायचं आहे. दहा टक्क्यांतून द्यायचं की बागाईतदारांनी एकरी काही काढायचं, यावर गटात दोन मतं आहेत आणि मी दुसऱ्या बाजूची आहे. मजूर ज्याच्या बागेत राबतात, त्याच्या हिशोबात त्यांच्या मुलांची सोय धरलीच पाहिजे. येत्या बैठकीला आम्ही कृषी सहायकांना बोलावलं आहे. फवारणी कधी झाली हे मजुरांना आधी कसं कळावं, आणि त्या वेळेत लहान मुलं बागेबाहेर कशी राहतील, हा विषय ठेवला आहे. टोळीतली एक बाई यायला तयार झाली आहे. ती आधी बोलेल.